घडीची मोकळीक

कुलदीप वानखडेच्या पिकअपमधून एक पुठ्ठा उडाला आणि मागून येणाऱ्या एका स्कूटीवर जाऊन बसला.

अमरावतीहून मोर्शीकडे येणारा रस्ता, नोव्हेंबरची कोवळी सकाळ, दोन्ही बाजूंना लगडलेल्या संत्र्याच्या बागा. स्वारी अगदी खुशीत होती. हंगाम जोरात होता, खोक्यांची मागणी अशी की त्याच्या कारखान्यातल्या बायांना जेवायला फुरसत नव्हती. अमरावतीहून छापून आणलेले चारशे सपाट पुठ्ठे गाडीत रचून त्याने दोर स्वतःच्या हाताने बांधला होता. आपण बांधलेली गाठ सुटू शकते, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आरशात स्कूटी थांबलेली दिसली तसा तो गाडी बाजूला घेऊन धावत मागे गेला. आता चांगली खरडपट्टी निघणार, अशी त्याची खात्री होती. पण हेल्मेट काढून उभी असलेली ती मुलगी रागावलेली नव्हतीच. तिने पुठ्ठा स्कूटीच्या सीटवर पसरला होता आणि त्याच्या घड्या एकेक करून उभ्या करत होती.

"लागलं तं नाही ना मॅडम?"

"नाही. ओ भाऊ, हे तुमचं आहे?"

"हो ना. द्या इकडं."

"नाही देणार."

तिने शेवटची घडी आत खोचली आणि खोकं त्याच्यासमोर धरलं. डोळे असे चमकत होते, जणू तिला रस्त्यात दागिना सापडला होता.

"दोन रविवार मी कार्डशीट कापत बसले. माझी एकही घडण नीट मिटत नाही. आणि ही बघा – एका फटक्यात इष्टिकाचिती!"

"खोकं हाय थे."

"तुमच्यासाठी खोकं. माझ्यासाठी इष्टिकाचिती. सहा पृष्ठं, बारा कडा, आठ शिरोबिंदू. आणि उलगडून सपाट केली की ती तिची घडण. पाचवीला शिकवायचंय मला."

दहा वर्षं कुलदीप खोकी बनवत होता. व्यापाऱ्यांनी त्यात संत्री मोजली होती, पण खोक्याचे कोपरे आजवर कुणी मोजले नव्हते. त्याला एकाएकी आपल्या धंद्याबद्दल फार आदर वाटू लागला.

"मंग असं करा," तो म्हणाला, "हा रस्त्यावरचा नका नेऊ. कोपरा दबला याचा. कारखान्यात या, कोरा देतो. मोर्शीच्या अलीकडं, डाव्या हाताले. कोनालेही इचारा – खोकेवाला कुलदीप."

"येते." तिने खोकं उलगडून पायाशी ठेवलं आणि स्कूटी सुरू केली.

"अन् हा?"

"हा पण नेते. तुम्ही विसरलात तर?"

ती गेली. कुलदीप दोर पुन्हा बांधायला लागला आणि कितीतरी वेळ नुसता धरूनच उभा राहिला.

ती गुरुवारी आली, शाळा सुटल्यावर. नाव जुईली. मूळची अकोल्याची, वडील चिंतामणराव तिथल्या शाळेतून गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. चार वर्षांपासून ती मोर्शीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती आणि मोर्शीत खोली घेऊन राहत होती. पिशवीतून तिने चौकटीचे कागद काढले. त्यावर टोकदार पेन्सिलीने काढलेल्या घडणी – त्रिकोणी, पंचकोनी, षट्कोनी.

"अशा चिती हव्यात. मोठ्या. मुलांना हात लावता येईल अशा."

"चिती म्हंजे काय, हे आंधी सांगा. दहावीत गणितानं मले दोनदा घराबाहेर काढलं हाय." हे तो हसत हसत सांगायचा. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला निदान वरवर तरी वाटत नव्हतं.

जुईलीने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात कापलेल्या चौकोनी पुठ्ठ्यांची थप्पी होती. तिने त्यावर तळहात ठेवला.

"ही बघा. सगळ्यात खालचा पुठ्ठा आणि सगळ्यात वरचा, दोन्ही अगदी सारखे आणि एकमेकांना समांतर. मधल्या भिंती सरळ. आता मधे कुठेही आडवी सुरी चालवा, तोच चौकोन मिळणार. पुठ्ठे त्रिकोणी असते तर त्रिकोण मिळाला असता. तळाचा जो आकार, तो वरपर्यंत जसाच्या तसा – ती चिती."

"म्हंजे कुठंही कापा, आत येगळं काही निघत नाही."

"बरोबर!"

"मानसात असं कोन असते मॅडम?"

"मी आहे," ती तिथल्या तिथे म्हणाली. मग जरा थांबून – "कापून बघायचं नाही मात्र."

बायांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. कुलदीपही हसला, पण नजर काढून घ्यायला त्याला अंमळ उशीरच झाला. संध्याकाळचं ऊन शेडच्या पत्र्याखालून तिरपं आत आलं होतं आणि तिच्या केसांत पुठ्ठ्याची बारीक धूळ चमकत होती. आपल्या कारखान्यात इतकं छान ऊन येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर कारणांना तोटा नव्हता. माप विचारायला फोन, पुठ्ठ्याचा रंग दाखवायला फोन, काहीच नसेल तर फोटो. एका सकाळी त्याने नव्या पेन्सिलीचा फोटो पाठवला – 'षट्कोनी चिती?' उत्तर आलं – 'टोक केलं नसेल तोवर.' दुसऱ्या दिवशी चहाच्या ग्लासाचा फोटो. 'तोंड मोठं, बूड लहान. नापास,' तिने लिहिलं, आणि पुढे – 'चहा मात्र पास दिसतोय.' तो चहा मग दोघांनी बसस्टँडसमोर घेतला. बोलता बोलता 'भाऊ' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. निदान दोघांनी तसं दाखवलं.

"सांगा, षट्कोनी चितीला किती कडा?" ती चहा फुंकत विचारायची.

"वर सहा, खाली सहा, उभ्या सहा. अठरा."

"शिरोबिंदू?"

"बारा. अन् पृष्ठं आठ. सहा भिंती, दोन तळ." तो कॉलर ताठ करायचा. "दहावीत तुमी असत्या तं मी आज कलेक्टर असतो."

"मग माझ्या चिती कोणी कापल्या असत्या?"

ती मिस्कील हसून ग्लास खाली ठेवायची आणि तो कलेक्टर न झाल्याचं समाधान मानून घरी जायचा. बागेचं बघणारे त्याचे वडील नत्थुजी एकदा आईला म्हणाले, "पोट्टं जेवताना डब्याचे कोपरे काहून मोजून राह्यलं?"

पहिला संच शाळेत पोचला. मुलांनी तो हाताळला, उलगडला, पुन्हा मिटवला, सगळं झकास बसलं. आणि दुसऱ्याच दिवशी जुईली कारखान्यात आली, ती भुवया आवळूनच.

"माझ्या वर्गातल्या दामिनीने आज पट्टी लावली. मी भिंतीची रुंदी वीस सेंटिमीटर लिहिली होती. तुम्ही वीस आणि वर तीन मिलिमीटर कापलीय. प्रत्येक भिंत! का?"

कुलदीपने तोंड उघडलं. सांगायचं तर सोपं होतं. जाड पुठ्ठा दुमडला की प्रत्येक घडी थोडं माप खाते. म्हणून कापतानाच तेवढं वाढवून द्यायचं, त्याला धंद्यात मोकळीक म्हणतात. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पहिल्या वर्षी अख्खा माल वाया घालवून तो स्वतः शिकला होता. पण समोर चौकटीचा कागद होता, त्यावर मास्तरांच्या मुलीचं अक्षर होतं, आणि दहावीचे ते दोन निकाल – ज्यांच्यावर तो रोज हसायचा – नेमके त्या क्षणी आडवे आले.

"चुकलं," तो म्हणाला.

"शुक्रवारी शिक्षण परिषद आहे. साठ शिक्षकांसमोर माझा पाठ आहे. त्यासाठीची मोठी षट्कोनी चिती मी काढलीय तेवढीच कापा. एक मिलिमीटरही जास्त नको."

"बरं."

एरवी बसस्टँडवरच्या अनोळखी माणसाला पण गप्पांत गुंडाळणारा हा गडी, जिथे बोलायला हवं होतं तिथे त्याची दातखीळ बसली. त्याने सांगितल्याबरहुकूम कापलं. घडण मिटवून पाहिली, तर शेवटची भिंत पहिलीला भेटेचना. बोटभर फट राहिली. मग त्याने गुपचूप दुसरी घडण कापली, आपल्या पद्धतीने, आणि पिकअपमध्ये सीटमागे ठेवून दिली. असू द्यावी म्हणून.

गुरुवारी तो शाळेत पुठ्ठे द्यायला गेला तेव्हा जुईली वर्गात होती. खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाईंनी त्याला ओट्यावरच गाठलं.

"मॅडम चालल्या बाप्पा अकोल्याले. तिकडच्या कोन्या मॅडमले इकडं याचं हाय, अदलाबदल होऊन राह्यली. शनवारपावतर हो म्हनाचं हाय फक्त. चार वर्सं वाट पाह्यली पोरीनं."

कुलदीपने पुठ्ठे ओट्यावरच ठेवले आणि गाडी वळवली. तिने त्याला सांगितलं नव्हतं. का सांगावं? तो कोण? अकोल्यात तिचं घर, आईवडील, ज्या गल्लीबोळांत ती वाढली ते सगळं. आणि इकडे एक खोकेवाला. परतीच्या वाटेवर त्याने ठरवून टाकलं की आपण एक अक्षर बोलायचं नाही. आडवं यायचं नाही. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, याचं त्याला सात किलोमीटर कौतुक वाटलं आणि मग मोर्शी आली तेव्हा फक्त रडू यायचं बाकी राहिलं.

शुक्रवार उजाडला. केंद्रशाळेच्या सभागृहात साठ शिक्षक, पुढे सतरंजीवर जुईलीची पाचवी, आणि पहिल्या रांगेत केंद्रप्रमुख मोतीराम सर. कुलदीप सगळ्यात मागे, दाराशी. तिने निळी साडी नेसली होती आणि आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यांनीही पाठ सरळ केली.

त्रिकोणी चिती झाली. पाच पृष्ठं, नऊ कडा, सहा शिरोबिंदू – मुलं ओरडून सांगत होती. मग ती मोठी घडण आली. चार मुलांनी भिंती उभ्या केल्या, षट्कोनी तळाभोवती गुंडाळल्या, आणि शेवटची भिंत पहिलीपाशी आली आणि थांबली. जुईलीने दाबलं. मुलांनी दाबलं. फट तशीच. मागून खुसखुस सुरू झाली.

"मॅडम," मोतीराम सर मजेत म्हणाले, "पुठ्ठ्याचं गणित कच्चं दिसतं."

कुलदीप उठून उभा राहिला. आपण उठलो हे त्यालाही नंतर कळलं.

"सर, चूक कारखान्याची हाय. मॅडमचं माप बरोबर होतं, आमच्या कटाईत गेलं. दुसरी हाय गाडीत, आणतो."

जुईलीने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता वगैरे काही नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. मग सभागृहाकडे वळली. "कारखान्याने मी काढलं होतं तेवढंच कापलंय. चूक माझी आहे. दामिनी, पट्टी घे. फट किती आहे मोज."

दामिनीने गुडघ्यांवर बसून मोजलं. "अठरा मिलिमीटर, मॅडम."

"भिंती किती?"

"सहा."

"मग प्रत्येक भिंतीमागे किती कमी पडलं?"

"तीन!" अख्खी पाचवी ओरडली.

"तीन. कागदावरच्या रेषेला जाडी नसते, पुठ्ठ्याला असते. तो दुमडला की घडी थोडं माप खाते. मी चिती काढली आणि पुठ्ठ्याची जाडी विसरले." तिने दाराकडे हात केला. "मागच्या वेळी हे तीन मिलिमीटर खोकी बनवणाऱ्यांनी न सांगता दिले होते. मी त्यांना रागावले. आता त्यांनी ती दुसरी घडण आणावी, म्हणजे आपण बघू कोण बरोबर होतं."

कुलदीप धावत गेला आणि धावत आला. मुलांनी भिंती गुंडाळल्या. शेवटची पहिलीला येऊन अशी भेटली की चिकटपट्टी लावायच्या आधीच टाळ्या पडल्या. मोतीराम सर तर उभं राहून वाजवत होते.

पाठ संपला, चहा सुरू झाला, आणि जुईली ती न मिटलेली घडण काखेत मारून मैदानातल्या कडुलिंबाखाली आली. कुलदीप तिथेच होता. पाठ छान झाला, असं काहीतरी म्हणायची त्याने तयारी केली होती.

"तुमाले ठाऊक होतं!" ती कडाडली. "दुसरी कापून ठेवली होती, म्हंजे ठाऊकच होतं! काहून नाही सांगतलं मले?"

अकोल्याची बोली. दोन महिन्यांत त्याने तिच्या तोंडून ती एकदाही ऐकली नव्हती. राग इतका गोड असतो, हे त्याला आत्ता कळलं.

"तुमी म्हनल्या, काढलं तेवढंच…"

"मी हजार गोष्टी म्हणीन! तुमचं काम तुमाले माह्यापेक्षा जास्त समजते ना? मंग?" तिने श्वास घेतला, आवाज खाली आणला. "आणि वर सगळ्यांसमोर माझी चूक स्वतःवर घेतलीत. माझी चूक झाली तर मला चालते. ती कोणी झाकली तर नाही चालत. अजून काय काय ठाऊक आहे तुम्हाला, जे तुम्ही बोलत नाही?"

कुलदीपने आपल्या चपलांकडे पाहिलं.

"बदलीचं… ठाऊक हाय."

"आणि?"

"चांगलं हाय ना. घर हाय तुमचं तिकडं. जा तुमी."

"मनापासून सांगताय?"

मागे पोरांचा गलका चालला होता. कडुलिंबाची पिवळी पानं एकेक करून खाली येत होती, एक तिच्या खांद्यावर थांबलं. ती हलली नाही. वाट बघत होती.

"नका जाऊ," तो म्हणाला.

"का?"

"शाळेले तुमची गरज –"

"कुलदीप."

पहिल्यांदाच नुसतं नाव. पुढेमागे काही नाही.

"मले गरज हाय," तो म्हणाला. "शाळेचं शाळा पाहून घेईल. मले तुमी पाहिजे. सकाळी उठलो की पेन्सिल दिसो, ग्लास दिसो, तुमीच आठवता. तुमी गेल्या तं मी खोकी बनवीन, बाग पाहीन, जेवीन-खाईन, पन कोनाले फोटो पाठवू? मले तुमच्यासंगं लगन कराचं हाय. आता हासा."

ती हसली नाही. घडण झाडाला टेकवून ठेवली आणि हळूच म्हणाली, "एवढं अवघड होतं?"

"लय."

"मला पण आवडता तुम्ही. खूप. बदली मी सोमवारीच नाकारली."

"सोमवारी?" कुलदीपचा आवाज चिरकला. "मंग हे समदं…"

"मला ऐकायचं होतं. उद्यापर्यंत तुम्ही बोलला नसतात तर मीच येऊन बोलणार होते, पण एक संधी तुम्हाला दिली." तिने मोबाइल काढला, नंबर लावला आणि सरळ त्याच्या हातात दिला. "बाबा आहेत. आता सांगा."

"आत्ता? अवो पन –"

"हॅलो?" पलीकडून आवाज आला.

कुलदीपने सदऱ्याची वरची गुंडी लावली. फोनवर दिसत नाही, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

"नमस्कार काका. मी कुलदीप वानखडे, मोर्शीहून बोलून राह्यलो. संत्र्याची खोकी बनवतो. काका… जुईली मॅडमनं बदली नाकारली, थे तुमाले माहीत असंल."

"हो, सांगितलं तिने," चिंतामणराव म्हणाले. "शाळेसाठी नाकारली म्हणे. पाचवीचा वर्ग अर्ध्यावर सोडवत नाही म्हणून."

कुलदीपने मान वर केली. फोनमधला आवाज तिलाही ऐकू गेला होता. साठ शिक्षकांसमोर छातीठोकपणे आपली चूक सांगणारी, झाकलेलं मुळीच न चालणारी जुईली कडुलिंबाच्या सालीकडे फार बारकाईने बघत होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

'हो काका, शाळेसाठीच,' हे त्याच्या जिभेवर आलंही होतं. जुनी सवय. तिची लाज वाचली असती, त्याचीही वेळ निभावली असती. तिने तोंडावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि शाळेसाठी नाही, अशी मान हलवली.

"नाही काका," कुलदीप म्हणाला. "थे तिनं तुमाले खरं सांगाले कचरून सांगतलं असंल. बदली तिनं माह्यासाठी नाकारली. अन् मले तिच्यासंगं लगन कराचं हाय. तुमची परवानगी इचाराले मी उद्या अकोल्याले येऊ का?"

जुईलीने त्याची बाही घट्ट पकडली. ती सोडवून घ्यायची त्याला अजिबात घाई नव्हती.

मग फोनपासून तोंड लांब नेऊन चिंतामणरावांनी घरात जुईलीच्या आईला हाक मारली, ती इकडे स्वच्छ ऐकू आली.

"विमल! अगं बाहेर ये. मी म्हणत नव्हतो, शाळेसाठी कोणी अकोला सोडत नाही? सापडला तो! उद्या जेवायला येतोय."